रुपयात घेऊ की डॉलरमध्ये?

जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन राहायला आले त्याला आता बरेच दिवस झाले, पण मी बोटीवर नेमकं काय करत होते हे खालच्या मजल्यावरच्या बाईंना अजून पटलेलं नाही. "म्हणजे तिकिटं फाडायचात?" नाही. "मग जेवणाखाण्याचं बघायचात?" नाही हो. "मग?" मग मी सांगते की, लोकांच्या क्रेडिट कार्डातून पैसे कुठल्या देशाच्या चलनात कापायचे ते मी बघायचे. त्या "हं" म्हणतात आणि दोरीवरचे कपडे काढायला लागतात. त्यांचं काही चुकत नाही. आमच्या मैंदर्गीच्या नातेवाइकांना तर मी शेवटपर्यंत 'बोटीवरची कंडक्टरीण' होते.

तर आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. क्रूझच्या बोटीवर रोख पैसा चालत नाही. चढतानाच तुम्ही तुमचं क्रेडिट कार्ड आमच्या काउंटरवर द्यायचं, आम्ही ते तुमच्या केबिनच्या खात्याला जोडतो आणि बोटीचं एक कार्ड तुमच्या हातात ठेवतो. मग कॉफी घ्या, फोटो काढा, मालिश करून घ्या, सगळीकडे तेच दाखवायचं. खिशातून नोट निघत नाही, त्यामुळे माणसाला फुकट चालल्यासारखं वाटतं. शेवटच्या सकाळी दाराखालून बिल आत सरकवलेलं असतं आणि मग माझ्यासमोर रांग लागते. रांगेतल्या माणसाचं तोंड बघून मी सांगायचे, हा प्यायलाय की पत्ते खेळलाय.

खरी गंमत त्याच्या पुढे. आमच्या बोटीचा हिशोब सिंगापूरच्या डॉलरमध्ये, माणसाचं कार्ड रुपयातलं नाहीतर पौंडातलं, आणि बंदरावर उतरलं की तिसरेच पैसे. मशीन विचारतं, तुमच्या देशाच्या पैशात घेऊ की इथल्या? आपल्या ओळखीचा आकडा दिसला की माणसाला हायसं वाटतं आणि तो पटकन रुपयाचं बटण दाबतो. तिथंच फसतो. कारण रुपयाचा दर मग मशीनवाला आपल्या मनानं लावतो आणि तो तुमच्या बँकेपेक्षा महाग असतो. म्हणजे हायसं वाटण्याचे पैसे लागतात. माझा नियम एकच होता, ज्या मुलखात उभे आहात तिथल्या पैशात द्या. आमच्या साहेबाला हे माझं सांगणं आवडायचं नाही, कारण माणसानं आपल्या चलनात दिलं की बोटीला त्यातला वाटा मिळायचा. मी "सॉरी सर" म्हणायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायचे.

दुसरी गोष्ट होल्डची. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आहे ते. तुमचं कार्ड जोडलं की बोट तुमच्या कार्डातल्या काही पैशांवर रुमाल टाकते. पैसे गेलेले नसतात, पण तुम्हाला ते वापरताही येत नाहीत. खर्च वाढला की आणखी एक रुमाल. हे कुणाला सांगितलं की तो आधी मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन भांडतो.

माणसं नाना तऱ्हेची भेटली. एक ऑस्ट्रेलियन जोडपं होतं, दोघांनी आपापलं वेगळं कार्ड लावलेलं. पहिल्या दिवशी नवरा हळूच येऊन म्हणाला, मी जुगारात किती घालवले ते बायकोला सांगू नका. तासाभरात बायको आली, तिनं तेच सांगितलं. दोघंही साधारण सारखेच हरले होते. रोज सकाळी हातात हात घालून माझ्यासमोरून नाश्त्याला जायचे आणि दोघंही वेगवेगळे मला डोळा मारायचे. मला हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची. पण एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या काउंटरचा धर्म. नवरा असो, बाप असो, कार्ड ज्याचं त्याच्याशीच बोलायचं.

हे झालं हसण्याचं. बाकी सांगायचं तर तिथं फार एकटं असतं. हजारो माणसं चढतात, हजारो उतरतात, आणि एकाचंही पुढे काय झालं ते आपल्याला कळत नाही. आज ज्या म्हातारीची काठी शोधून दिली, उद्या तिच्या जागी दुसरी म्हातारी. काम करणारे आम्ही तरी काय, करार संपला की कोण फिलिपीन्सला जाणार, कोण गोव्याला, पुढच्या वेळी वेगळी बोट, वेगळी माणसं. माझी केबिन पाण्याच्या पातळीखाली, तिला खिडकीच नाही. दिवसभर इंग्रजी बोलून तोंड आंबून जायचं. मोजणी मात्र मी शेवटपर्यंत घरच्या कन्नडमध्येच केली, ओंद, एरड, मूर, कारण अव्वानं, म्हणजे आईनं, तसंच शिकवलं होतं. तेवढंच आपलं काहीतरी बोलल्यासारखं वाटायचं.

अव्वा माझ्या भावाकडे असायची. फोन लागला की तिचे दोनच प्रश्न, "ऊट आतेनु?" म्हणजे जेवलीस का, आणि "यावाग बर्ती?" म्हणजे कधी येतेस. पहिल्याचं उत्तर सोपं होतं. ती आजारी पडली तेव्हा मी समुद्रावर होते. भावानं कळवलंच नाही. तू तिथं काळजी करत बसशील म्हणून नाही सांगितलं, असं तो नंतर म्हणाला. मला कळलं तेव्हा तिसऱ्याची राखसुद्धा सावडून झाली होती. भावाशी मी भांडले नाही. भांडायला अंगात जोर लागतो, तो कुठून आणायचा? दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभी राहिले आणि कुणातरी जर्मन बाईला युरोचा दर समजावून सांगितला.

त्यानंतरच्या वर्षातली ही गोष्ट. सिंगापूरला लोक चढत होते. एक मोठं खटलं माझ्यासमोर येऊन थांबलं. पुढे टोपी घातलेले आबा, साठी ओलांडलेले, माळशिरसकडचे ऊसवाले बागायतदार. शेजारी त्यांच्या पत्नी, त्यांना सगळे माई म्हणत होते. मागे भाऊ, भावजया, पुतणे, सुना. माईंच्या काखेत एक चादर, घडी घालून सुतळीनं बांधलेली. त्या कुणाला तरी सांगत होत्या, "बोटीत लई गारठा असतोय म्हनं, म्हनून घेतली."

मी स्वागताचं इंग्रजी वाक्य अर्ध्यात सोडलं. "चादर सोलापूरची की काय माई?"

आबा एकदम दोन पावलं मागे सरले. "आरं तिच्या! ही आपल्यातली हाय की!"

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी महिन्यांत माझ्याशी कुणी 'हाय की' बोललं नव्हतं. माईंनी पिशवीत हात घालून शेंगाचटणीची पुडी काढली आणि काउंटरवर ठेवली. मागच्या रांगेतला चिनी माणूस वास घेत वाकून बघायला लागला.

आबांनी आपलं एक कार्ड पुढे सरकवलं. "सगळ्यांचं ह्याच्यावर लाव ताई. सगळ्या खोल्या."

मी सांगितलं. रुमालाचा दाखलासुद्धा दिला. "आबा, एवढ्या केबिनी एका कार्डावर घेतल्या तर कार्डात काही उरायचं नाही. मध्येच कुठे गरज लागली तर काय करणार? ज्याचं त्याचं लावू या."

"न्हाय न्हाय. घरात थोरला असताना धाकट्यानं खिशात हात घालायचा न्हाय. आमच्यात तसलं चालत न्हाय. हिशोब काय, घरी गेल्यावर."

घरी गेल्यावर हिशोब कधी होत नाही, हे आबांनाही माहीत होतं आणि मलाही. आमच्या मैंदर्गीचे काका लोक हॉटेलात बिल द्यायला एकमेकांच्या सदऱ्याला धरून ओढायचे, वेटर बिचारा मध्ये सापडायचा. आपल्याकडे हे प्रेम असतं. बँकेला त्यातलं काही कळत नाही. पण कार्ड त्यांचं, मर्जी त्यांची. मी एकेक केबिन जोडत गेले.

खटलं पांगलं आणि थोड्या वेळानं त्यातलीच एक बाई एकटी परत आली. सुमन, आबांच्या सगळ्यांत धाकट्या भावाची बायको. झेडपीच्या शाळेत शिकवायची. बँकेनं पगारदार म्हणून तिच्या गळ्यात एक क्रेडिट कार्ड मारलं होतं, ते तिनं पदराआडून काढलं.

"ताई, माझ्या खोलीला माझं कार्ड लावाल? पन आमच्यातल्या कुनाला कळू द्यायचं न्हाय."

"का गं?"

"माईच्या पैशाचा चहा माझ्या नरड्याखाली उतरत न्हाय." मग तिनं थोडक्यात सांगितलं. चूल वेगळी मागितली म्हणून माईंनी तिच्याशी बोलणं टाकलेलं. घरातल्या लग्नात सगळ्या जावांना हळद लावली, हिला सोडून. त्याला आता वर्षं झाली. एकाच गाडीत बसायचं, एकाच पंगतीला जेवायचं, पण शब्द नाही.

"मग आलीस कशाला एवढ्या लांब?"

"आमच्या ह्यांना भाऊ सोडवत न्हाय, मला हे सोडवत न्हाईत," ती म्हणाली आणि हसली.

आपल्या देशातली कार्डं परदेशात निजलेली असतात. मोबाइलमध्ये बँकेच्या ॲपवर जाऊन त्यांना उठवावं लागतं, आणि त्यासाठी बँकेचा ओटीपीचा आकडा तुमच्या घरच्या सिमवर येतो. शाळेचे फोन येतात म्हणून सुमननं परदेशात चालणारं पॅक घेतलं होतं, म्हणून तिचं काम झालं. मी तिला परदेशी वापराचं बटण दाखवलं, तिनं चालू केलं. बाकीच्यांना गरजच वाटली नाही. आबांचं कार्ड घरूनच उठवून आणलेलं, आणि आबा होते ना.

थायलंडच्या एका बेटापाशी बोट नांगरली त्या दिवशी सकाळी नाश्त्यालाच माईंना घाम फुटला. छातीत कळ आली आणि त्या खुर्चीवरून खाली घसरल्या. बोटीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, हृदयाचा झटका आहे, इथं काही करता येणार नाही, किनाऱ्यावरच्या मोठ्या दवाखान्यात ताबडतोब हलवा. बोट काठाला लागत नाही तिथं, लहान लाँचमधून ये-जा असते. एका लाँचमधून माईंना नेलं, सोबत आबा आणि बंदरावरचा आमचा एजंट. बाकीचं खटलं वर डेकवर घोळका करून बसलं. आमची बोट संध्याकाळी निघणार होती, आणि बोट कुणासाठी थांबत नाही.

दुपारच्या आत माझा फोन वाजला. एजंटनं आबांकडे दिला.

"ताई, कार्ड चालंना गं. पुन्यांदा घासलं, तरी चालंना. म्हनत्यात सुई-औषिद चालू केलंय, पन शीर उघडायला आत न्यायचं तर आदी पैसं भरा. विम्याचं पत्र उद्या येनार म्हनत्यात. उद्यापतुर ही ऱ्हाईल का गं?"

मी लगेच सगळ्या केबिनींवरचे आमचे होल्ड सोडले. पण रुमाल आपण उचलला तरी बँकेला ते कळायला चार दिवस जातात. तोवर पैसे ना बोटीचे, ना आबांचे. एकच वाट होती. कार्डवाल्यानं स्वतः बँकेला फोन करायचा आणि मी दिलेले होल्डचे नंबर सांगून ते पैसे मोकळे करून घ्यायचे. आबांना तिथून भारतात फोन लावणं जमेना. मग मी काउंटरवरच्या एका फोनवर आबांना धरलं, दुसऱ्यावर बँकेला, आणि दोन्ही रिसीव्हर एकमेकांना उलटे लावून दोन्ही हातांनी दाबून उभी राहिले. समोर एक बाई पोहण्याच्या पोशाखात टॉवेलचे पैसे का लावले म्हणून विचारत होती, तिला मी मानेनंच थांब म्हणाले.

बँकेची मुलगी हिंदीतून गोड बोलत होती. "सर, जन्मतारीख?"

आबांनी सांगितली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची, ज्या तारखेला घरच्यांनी त्यांची साठी केली होती ती.

"सर, जुळत नाही."

जुळणार कशी? माझ्या लगेच लक्षात आलं. आपल्याकडे त्या पिढीतल्या पोराला बाप शाळेत घेऊन जायचा, मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, दुष्काळाच्या आदल्या साली. मास्तर लिहायचे, एक जून. अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस एक जूनला असतो. कागदावर तीच तारीख असणार. मी रिसीव्हरच्या फटीतून म्हटलं, "आबा, शाळेच्या दाखल्यावरची..."

"मॅडम, कृपया ग्राहकाला मदत करू नका. कॉल रेकॉर्ड होतोय."

मी जीभ दाताखाली धरली. पलीकडे आबा पार गोंधळले होते. "दाखला? कसला दाखला? आवं बाई, माझी बायकू मरायला लागलीय, तुमी वाढदिवस काय इचारताय!" मग त्यांनी लग्नाची तारीख सांगितली. मुलगी म्हणाली, तुमच्या सुरक्षिततेसाठी कार्ड बंद करण्यात येत आहे, आणि फोन ठेवला. आबांचा फोन चालूच होता. त्यांचं रडणं मला ऐकू येत होतं. मोठा माणूस, टोपीवाला, पोरासारखा रडत होता.

मी काउंटर सोडला. इतक्या वर्षांत भर ड्युटीत मी जागा सोडून गेले नव्हते. डेकवर गेले आणि सगळ्यांना विचारलं, कुणाकडे कार्ड आहे? पाचसहा कार्डं पुढे आली. एकूणएक निजलेली. उठवायचं तर आकडा घरच्या सिमवर येणार, आणि सिमला तिथं जीव नाही. आबांचा सगळ्यांत धाकटा भाऊ, म्हणजे सुमनचा नवरा, कार्ड हातात उलटंपालटं करत म्हणत होता, "आबांनी तर सांगितलंवतं, काय लागायचं न्हाय म्हनून."

सुमन कठड्याशी एकटी उभी होती. तिच्याकडे चालणारं कार्ड आहे हे मला माहीत होतं. पण चारचौघांत ते मी कसं बोलणार? तिनं विश्वासानं सांगितलेलं. मी तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, "सुमन, तुझ्यावर जबरदस्ती नाही. तू नाही म्हणालीस तरी मी कुणाला बोलणार नाही."

ती कठड्यावरून खाली वाकली. मला वाटलं, नाही म्हणणार. आणि नाही म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

"तितं जायाची लाँच कुटली?" तिनं विचारलं.

"ही खाली लागलीय तीच. पण संध्याकाळच्या आत परतीची मिळेल असं नाही. बोट निघून जाईल."

तिनं पदराआडचं कार्ड काढून नवऱ्याला दाखवलं आणि सांगितलं, मी माईकडं चालले. सगळे बघायलाच लागले. नवरा म्हणाला, "तू कशाला? कार्ड हाय तर दे की ह्यांच्याकडं. वैनीजवळ आबा हाईत."

"आबांना तितं पानी मागता येईना. आन् माई डोळं उघडून बगंल तवा काय त्या नर्सबायांचं तोंड बगंल?"

"आगं, पन ती तुझ्याशी बोलत न्हाय!"

"न्हाय बोलत तर न्हाय. न बोलता बसायची मला सवय हाय. दुसऱ्या कुनाला जमंल ते?"

 मी तिला माईंची केबिन उघडून दिली. तिनं आपल्या पासपोर्टबरोबर त्या दोघांचेही घेतले, माईंच्या गोळ्यांची पिशवी घेतली, पलंगावरची चादर घेतली. काउंटरचा नंबर आणि त्याखाली माझा सोलापूरचा फोन नंबर मी तिच्या हातावरच पेननं लिहिला. पायऱ्या उतरताना तिची चप्पल निसटली, ती तिनं हातात घेतली आणि तशीच लाँचमध्ये बसली.

मी परत काउंटरवर येऊन फोनसमोर उभी राहिले. ग्रेस म्हणून फिलिपीनी मुलगी माझ्याबरोबर असायची, तिनं माझ्यापुढची रांग न बोलता आपल्याकडे वळवली. बराच वेळ काही नाही. मग घंटी.

"ताई, मशीन इचारतंय, रुपयं का त्यांचं पैसं? कुटलं दाबू?"

सगळ्या जगाला मी ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं, साहेबाची बोलणी खाऊन दिलं, तो प्रश्न. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "कुठलंही दाब गं बाई! जे पुढं दिसेल ते दाब!"

तिनं रुपये दाबले. पुष्कळ जास्तीचे गेले असतील. चला, गेले.

"झालं," ती म्हणाली. "न्हेली आत." आणि फोन कट झाला.

त्यानंतर काही कळलं नाही. नांगर उचलला, बोट निघाली. जेवणघरात त्यांच्या लांब टेबलावर तीन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि वाढप्याला काही माहीत नसल्यामुळे त्यानं तिथंही ताटं मांडली होती. मी आम्हा कामगारांच्या डेकवर जाऊन उभी राहिले. बेट मागे लहान होत होतं. आणि मला, आता हसाल, माईंचा हेवा वाटला. हृदयाच्या दुखण्यानं आडव्या पडलेल्या बाईचा हेवा. तिच्याशी वर्षानुवर्षं न बोललेलं माणूस तिच्यासाठी सुटायला आलेल्या बोटीवरून उतरलं. मी बोलत तर सगळ्यांशी होते. अव्वासाठी उतरायची वेळ आली तेव्हा मला कुणी सांगितलंसुद्धा नाही, आणि माझ्यासाठी कोण उतरेल ह्याचा विचार केला तर एक नाव सुचेना. मी तिथं उभी राहून मोठ्यानं रडले. इंजिनाचा आवाज एवढा असतो की कुणाला ऐकू जात नाही.

पुढच्या फेरीला आम्ही त्याच बेटाला आलो. एजंट कागद घेऊन वर आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. माईंचं काय झालं ते विचारलं. तो हसायला लागला. त्याच्या मोडक्या इंग्रजीत त्यानं सांगितलं की, म्हातारी बरी आहे, विमानानं घरी गेली. आणि म्हणाला, एक बाई आजारी, एक बाई रागावलेली, दिवसभर दोघींचं नुसतं बोल बोल बोल. खिडकीचा पडदा उघडा ठेवायचा की बंद, ह्यावरून दोघींनी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. म्हातारा बाहेर बाकड्यावर बसून सगळ्यांना चहा पाजत होता. मी त्या एजंटला मिठीच मारायची बाकी ठेवली.

करार संपला आणि मी पुन्हा सही केली नाही. साहेबानं कारण विचारलं, मी गुडघे सांगितले. सोलापुरात आले. भाऊ पुण्याला गेलेला, म्हणून मग हा फ्लॅट. आता सहलीला निघालेली मंडळी कार्ड घेऊन येतात, मावशी, हे तिकडं चालतंय का बघा. मी बघते, उठवून देते, एकानं सगळ्यांचं भरू नका म्हणून सांगते. ते मान हलवतात. कोण ऐकत नाही, मला माहीत आहे. ते गेले की दार लावून घेते आणि टीव्ही मोठा करते.

माईंना सोलापुरात मोठ्या डॉक्टरला दाखवायला आणलं होतं, तेव्हा सुमननं फोन केला आणि तिघं माझ्याकडे आली. रिक्षाचे पैसे कुणी द्यायचे ह्यावरून आबा आणि सुमन खालीच भांडत होते, ते मला वरपर्यंत ऐकू आलं. माई वाळल्या होत्या पण आवाज ठणठणीत. सुमनला म्हणाल्या, "ताईला मदत कर की, बसलीस काय पावनीवानी." सुमन म्हणाली, "मी पावनीच हाय, तुमी उठा." मी आत भाकरी थापत होते आणि माझं तव्याकडे लक्ष नव्हतं. किती दिवसांनी घरात एवढा गलका होता!

जेवणं झाली. निघायच्या वेळी सुमन चप्पल घालता घालता सहज म्हणाली, "ताई, तुमाला काय झालं तर तुमच्याकडं कोन येनार?"

इतक्या देशांच्या इतक्या माणसांना मी उत्तरं दिली. आणि इथं? मी आपलं, "भाऊ आहे की पुण्याला," असं काहीतरी पुटपुटले. सुमननं ओळखलं असावं. ती खाली बघून चपलेचा पट्टा लावत राहिली.

माई दाराला धरून उभ्या होत्या. "हिचा लंबर हाय न्हवं तुज्याकडं? हिला फोन कर. मदी काई असू दे, ही उतरती." आणि कठडा धरून जिना उतरायला लागल्या.

सुमनचा नंबर माझ्याकडे आहे. माझ्या जिवाला काही झालं तर ती येईल, हे मला आता पक्कं ठाऊक आहे, आणि तेवढ्यावर रात्री झोप लागते. पण काही झालेलं नाही, मी बरी आहे, नुसतं बोलावंसं वाटलं म्हणून केला, असा फोन करायला मला अजून जमत नाही. परवा लावला होता. पहिली रिंग गेली आणि मी कापला. लगेच तिचा उलटा फोन आला. "काय झालं ताई?" तिनं घाबऱ्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, चुकून लागला.